‘निशाचर’ नक्की कोण, आणि आपला देवचार त्यात बसतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिचोली तालुक्यातली एक मुलगी गावच्या जत्रेला करायचं नाटक लिहितेय, फँटसी टाइप, त्यात फक्त रात्रीच बाहेर पडणाऱ्या जीवांची एक टोळी आहे आणि त्यांना तिने ‘निशाचर’ म्हटलंय. ग्रुपमधला एकजण म्हणतो हा व्हॅम्पायरला मराठी शब्द. दुसरा म्हणतो शाळेच्या पुस्तकात निशाचर म्हणजे घुबड नि वटवाघूळ. आणि आजी म्हणते हे राक्षसांचं नाव, स्टेजवर जपून घ्या. तर खरा अर्थ काय, शब्द आला कुठून, आणि आपल्याकडचे, म्हणजे गोव्याच्या गावांत मानले जाणारे देवचार-वेताळ यांना निशाचर म्हटलेलं चालेल का.

मी फोंड्याकडे संस्कृत नि मराठी शिकवतो आणि जत्रेच्या नाटकांच्या संहिता वाचून द्यायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे असतं, त्यामुळे हा शब्द माझ्यासमोर सारखा येतो. म्हणून त्या मुलीलाच उद्देशून जरा सविस्तर लिहितो. आजी बरोबर आहे, शाळेचं पुस्तकही बरोबर आहे, व्हॅम्पायरवाला मात्र चुकलाय. तो का चुकलाय ते पुढे सांगतो.

शब्दाची फोड अगदी सरळ आहे. निशा म्हणजे रात्र आणि चर म्हणजे फिरणारा. निशेत चरतो तो निशाचर. यातला ‘चर्’ हा धातू मराठीत इतका मुरलाय की आपल्याला तो दिसतही नाही, गुरं चरतात त्यातही तोच, जलचर, उभयचर, अनुचर, गुप्तचर, चराचर सगळीकडे तोच. पाणिनीने तर या ‘चर’साठी एक वेगळं सूत्रच दिलंय, ‘चरेष्टः’, म्हणजे जिथे फिरतो ते ठिकाण किंवा ती वेळ आधी लावायची आणि पुढे ‘चर’ जोडायचं. कुरु देशात फिरतो तो कुरुचर, तसाच निशेत फिरतो तो निशाचर. ‘निशा’ची व्युत्पत्ती टीकाकार देतात ती पण छान आहे, माणसांचे व्यवहार जी बारीक करत करत आणते, क्षीण करते ती निशा. म्हणजे ज्या वेळेला माणसांची हालचाल थांबते नेमकी त्याच वेळेला ज्याची सुरू होते तो हा. आता यात राक्षस कुठे आला? कुठेच नाही. शब्दात फक्त वेळ आहे. जात नाही, रूप नाही, स्वभाव नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि तुझ्या नाटकालाही हेच उपयोगी पडेल.

म्हणूनच जुन्या संस्कृतात हा शब्द बऱ्याच जणांना लागतो. राक्षस तर आहेच, पण घुबड, कोल्हा, साप हेही निशाचर. आणि स्त्रीलिंगी ‘निशाचरी’ म्हणजे राक्षसी, आणि रात्री लपतछपत प्रियकराला भेटायला निघालेली बाई सुद्धा, जिला काव्यात अभिसारिका म्हणतात. कालिदासाने रघुवंशाच्या अकराव्या सर्गात ताटका (त्राटिका) राक्षसीच्या वधाच्या श्लोकात या दोन्ही अर्थांचा एकदम वापर केलाय. राम हाच मदन, त्याचा बाण हृदयात लागला, अंगाला रक्ताचं चंदन माखलं आणि ती निशाचरी ‘जीवितेशा’च्या घरी गेली. जीवितेश म्हणजे प्राणांचा स्वामी, एका अर्थाने प्रियकर आणि दुसऱ्या अर्थाने यम. एका भयंकर राक्षसीच्या मरणावर प्रियकराला भेटायला निघालेल्या बाईचं चित्र चढवलंय, आणि हे सगळं उभं आहे ते फक्त ‘निशाचरी’ या एका शब्दाच्या मोकळेपणावर. काही जुन्या रसिकांना हा श्लोक खटकला, बीभत्स नि शृंगार एकत्र नको म्हणून. मला तो फार मोठा वाटतो. शब्द किती ताणता येतो हे बघायचं असेल तर हा श्लोक एकदा तरी मुळातून वाच, अर्थ सांगणारं कोणी जवळ असेल तर अजून बरं.

आता राक्षसाचा अर्थ एवढा पक्का कसा झाला ते. यासाठी लांब जायची गरज नाही, तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर आपल्या घरांत रामरक्षा म्हणतात ना, तीच घे. सुरुवातीलाच येतं ‘नक्तंचरान्तकम्’, म्हणजे नक्तंचरांचा अंत करणारा. नक्त म्हणजे रात्र, श्रावणी सोमवारी दिवसभर उपास करून संध्याकाळी जेवतात त्याला ‘नक्त’ म्हणतात तोच हा शब्द. पुढे येतं ‘पातालभूतलव्योमचारिणश्छद्मचारिणः’, पाताळात, जमिनीवर, आकाशात फिरणारे आणि वेष पालटून फिरणारे. आणि शेवटाकडे ‘रामेणाभिहता निशाचरचमू’, रामाने निशाचरांची सेना मारली. चमू म्हणजे सेना, आपल्या पेपरात क्रीडापानावर ‘गोव्याची चमू’ छापतात तीच चमू. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो रामाच्या विरुद्ध बाजूला उभा असलेला, मग आजीच्या कानाला तो राक्षसाचाच वाटणार, त्यात तिचं काही चुकत नाही.

अमरकोशात, म्हणजे संस्कृतातल्या समानार्थी शब्दांच्या जुन्या कोशातही राक्षसाची नावं दिलीत त्यात रात्रिंचर आणि रात्रिचर ही दोन्ही रूपं आहेत. (मधला अनुस्वार आला तरी चालतो, नाही आला तरी चालतो, पाणिनीने तो विकल्प मुद्दाम ठेवलाय, त्यामुळे कोणी चूक काढली तर घाबरू नको.) त्याच यादीत बाकीची नावं पण बघ. क्रव्याद म्हणजे कच्चं मांस खाणारा, अस्रप म्हणजे रक्त पिणारा, कौणप म्हणजे प्रेतं खाणारा, यातुधान म्हणजे जादूटोणा करणारा, आणि मध्येच एक नाव आहे ‘पुण्यजन’. होय, राक्षसाला पुण्यजन! घाबरायचं असलं की त्याला गोड नाव द्यायचं ही रीत तेव्हापासूनची आहे, रात्रीच्या वेळी सापाला साप न म्हणता ‘लांबडं’ म्हणतात तीच ही गोष्ट. मला स्वतःला वाटतं की निशाचर, रात्रिंचर, नक्तंचर ही नावं पण अशीच वापरात आली असणार, थेट ‘रक्षस्’ (राक्षस) म्हणायचं नाही, ‘ते रात्रीचे फिरणारे’ म्हणायचं.

आणि गंमत अशी की रामायणातले निशाचर काही फक्त रात्रीच फिरत नाहीत. सीतेला पळवतो तो रावण दिवसाढवळ्या, संन्याशाच्या वेषात. लंकेत दरबार भरतात, दिवसा लढाया होतात. उलट रात्रीच्या लंकेत सीतेला शोधत घरोघर फिरतो तो हनुमान. म्हणजे तोपर्यंत निशाचर हे राक्षसकुळाचं नावच झालेलं होतं. मात्र रात्री त्यांचं बळ वाढतं ही समजूत कायम राहिली. महाभारतात त्याचा सगळ्यात मोठा प्रसंग येतो तो द्रोणपर्वात, चौदाव्या दिवशी सूर्यास्तानंतरही युद्ध थांबत नाही, दिवट्या पेटवून लढतात आणि तेव्हा पांडव घटोत्कचाला पुढे करतात कारण रात्र ही त्याची वेळ. कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली इंद्राची शक्ती त्याच्यावर खर्च करावी लागते. हा घटोत्कच निशाचरच की, पण आपल्या बाजूचा, भीमाचा मुलगा, वडिलांसाठी जीव देणारा. तुझ्या टोळीत एखादं चांगलं कॅरेक्टर हवं असेल तर परंपरेतच आधार आहे, बाहेरून काही उसनं आणायला नको.

अजून मागे गेलं की चित्र जास्त अस्वस्थ करणारं होतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०४वं सूक्त आहे, इंद्र-सोमाला सांगितलंय की या रक्षसांना जाळा, चिरडा. त्यात रात्रीच्या फिरणाऱ्यांचं वर्णन आहे. एक जण ‘खर्गला’सारखी, म्हणजे घुबडासारखी रात्री बाहेर पडते, आपलं अंग लपवत. दुसरे ‘वयो ये भूत्वी पतयन्ति नक्तभिः’, पक्षी होऊन रात्री उडतात. घुबडाच्या रूपातला, कुत्र्याच्या रूपातला, गिधाडाच्या रूपातला अशी यातूंची, म्हणजे जादूटोणा करणाऱ्यांची नावंच दिलीत. म्हणजे रूप बदलणारा, रात्रीचा, पक्ष्याप्राण्यांच्या आडून येणारा हा जीव आपल्या वाङ्मयाच्या अगदी पहिल्या थरात आहे, फँटसी लिहिणाऱ्याला अजून काय पाहिजे. पण त्याच सूक्तात एक ऋचा आहे, ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’, मी जर यातुधान असेन तर आजच मरून जाईन. कोणीतरी माणूस शपथ घेतोय. त्याच्यावर आळ आलाय की तू रात्रीचा तो आहेस, आणि तो जीव तोडून सांगतोय की मी नाही. ही ओळ शिकवताना दरवेळी माझा आवाज जड होतो. कारण हा आळ नंतरच्या काळात गावागावांत किती बायकांवर, किती एकट्या म्हाताऱ्या माणसांवर आला हे आपल्याला माहीत आहे, त्यांना मारहाण झाली, गाव सोडावं लागलं. नाटकात निशाचर दाखवताना टोळीतला ‘तो’ शेवटी गावातली एखादी विधवा किंवा वेडसर माणूस निघाला असा ट्विस्ट कृपा करून ठेवू नको. हे मी कळकळीने सांगतोय.

(यातु वरून आठवलं, आपण ‘जादू’ म्हणतो तो शब्द फारसीतून आला, आणि फारसीतला जादू नि वेदातला यातु हे मुळात एकाच घरातले. इराणकडे ‘य’चा ‘ज’ झाला आणि फिरून तो शब्द आपल्याकडे परत आला.)

यास्काचं निरुक्त हे शब्दांच्या उगमावरचं आपलं सगळ्यात जुनं पुस्तक, त्यात ‘रक्षस्’ या शब्दाच्या तीन व्युत्पत्ती दिल्यात. ज्याच्यापासून रक्षण करायला हवं तो. एकांतात इजा करतो तो. आणि तिसरी, ‘रात्रौ नक्षते’, रात्री येऊन गाठतो तो. भाषाशास्त्राच्या हिशोबाने तिसरी जुळवून आणलेली आहे, पण त्यावरून एवढं कळतं की यास्काच्या काळात सुद्धा राक्षस म्हटलं की रात्र हे डोक्यात पक्कं होतं. रामायणाच्या उत्तरकांडात वेगळीच कथा आहे. प्रजापतीने पाणी निर्माण केलं आणि मग प्राणी निर्माण केले, त्यांना म्हणाला सांभाळा. काही म्हणाले ‘रक्षाम’, आम्ही राखू, ते राक्षस झाले. काही म्हणाले ‘यक्षाम’, आम्ही पूजू, ते यक्ष झाले. म्हणजे या कथेत राक्षस मुळात राखणारा!

आणि इथेच आपण गोव्यात येतो. याच ‘रक्ष्’ धातूवरून प्राकृतात ‘रक्ख’ झालं, मराठीत ‘राखणे’ झालं आणि त्यावरून आपला राखणदार. गावाच्या सीमेवरचा, मळ्यातला, बांधावरचा, तळीजवळचा राखणदार, ज्याला वर्षाला नारळ, रोट, कुठे दारू, कुठे विडी देतात आणि गाऱ्हाणं घालतात. जुनी माणसं सांगतात तो रात्री हद्द फिरतो, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो, आणि कोणी वाकडं वागलं की त्याला धडा शिकवतो. फिरतो रात्री, हे खरं. शब्दाचा नुसता अर्थ घेतला तर तो निशाचर होतो. पण माझं स्पष्ट मत, त्याला निशाचर म्हणू नको. कारण शब्द नुसत्या फोडीने चालत नाही, कोणी कोणासाठी वापरला त्याची सवय त्याला चिकटलेली असते. निशाचर हा बाहेरचा, यज्ञ मोडणारा, रामाच्या सेनेसमोर उभा असलेला. राखणदार आतला आहे. रात्रीच्या वेळी माणसं झोपतात म्हणून गाव सांभाळायला तो उठतो. दोघांची वेळ एक आहे पण काम अगदी उलट.

देवचाराचं जरा नाजूक आहे. आपल्या गावांत बऱ्याच ठिकाणी देवचार म्हणजे राखणदारच, मानाने नाव घ्यायचा. पण कोंकणच्या जुन्या भूतविचारात देवचार ही मेलेल्या माणसाच्या पिशाचाची एक जात म्हणूनही सांगितली आहे, आणि ख्रिस्ती बांधवांच्या कोंकणीत तर देवचार म्हणजे थेट सैतान. एकच शब्द, शेजारशेजारच्या दोन घरांत, एकात नारळ घेणारा आणि दुसऱ्यात क्रूस बघून पळणारा. जत्रेला दोन्हीकडची माणसं येतात, तेव्हा हा शब्द पात्राचं नाव म्हणून वापरलास तर पहिल्याच सीनमध्ये तुझा देवचार कोणता ते दाखव.

वेताळ तर सरळ देवच आहे. आमोणे, प्रियोळ, पैंगीण, लोलये इथे त्याची देवळं आहेत, बेतालभाटीच्या गावाच्या नावातच तो आहे. उभी, उग्र मूर्ती, काही मूर्तींच्या पोटावर विंचू कोरलेला. सीमेपलीकडे आरवलीचा वेतोबा, त्याला केळीचे घड नि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, तो रात्री गस्तीला फिरतो आणि चपला झिजतात असं गावकरी सांगतात. संस्कृत कथांतला वेताळ वेगळा, तो स्मशानात झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरून राजाला पंचवीस गोष्टी सांगणारा. तो रक्त पीत नाही, कोणाच्या मानेला चावत नाही, तो कोडी घालतो. रिचर्ड बर्टनने १८७० साली त्या कथा इंग्रजीत आणल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाचा व्हॅम्पायर केला, तेव्हापासून हा घोळ चालू आहे. व्हॅम्पायर हा शब्द सर्बियाकडचा, जर्मन-फ्रेंचच्या वाटेने अठराव्या शतकात इंग्रजीत आला. मेलेला माणूस थडग्यातून उठतो आणि जिवंतांचं रक्त पितो ही तिकडच्या पुरण्याच्या प्रथेतून आलेली कल्पना. आपला निशाचर मेलेला नाही, तो जिवंत जन्मलेला, आईबाप असलेला, संसार असलेला जीव आहे. म्हणून तुझ्या मित्राला सांग, निशाचर म्हणजे व्हॅम्पायर नव्हे. रक्त पिणाराच हवा असेल तर अमरकोशातला ‘अस्रप’ घ्या, दोन हजारांच्या गर्दीत एकालाही माहीत नसेल पण उच्चारायला भारदस्त आहे.

बाकी भुतांच्या नावांचं थोडक्यात सांगतो कारण तू पात्रांच्या यादीत सगळ्यांना एकत्र घातलंयस. जखीण ही ‘यक्षिणी’पासून आली. समंध हा ‘संबंध’, घराशी किंवा धनाशी संबंध न सुटलेला, रामदासांच्या भीमरूपीत ‘भूतप्रेतसमंधादि’ आहे तो हाच. खवीस अरबी, ‘खबीस’ म्हणजे दुष्ट. मुंजा हा मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा, तो पिंपळावर. ही सगळी मेलेल्या माणसांची रूपं आहेत, त्यांना निशाचर म्हणणं बरोबर नाही, निशाचर ही वेगळी योनी आहे. आणि नरकासुर पण निशाचर नव्हे. आपण चतुर्दशीच्या आदल्या रात्रभर त्याला फिरवतो नि पहाटे जाळतो म्हणून तसं वाटतं, पण तो असुर. असुर हा शब्द तर ऋग्वेदात वरुणासारख्या देवांनाही मानाने लावलेला आहे, नंतर तो फिरला. दशावतारातला संकासुर पण असुरच, वेद पळवणारा.

आता शाळेच्या पुस्तकाचं. रात्री जागे असणाऱ्या प्राण्यांसाठी शास्त्राला मराठी शब्द हवा होता, आणि निशाचर तयार होता. त्यात फक्त वेळ असल्यामुळे तो बरोबर बसला. उदमांजर, साळींदर, पिंगळा, वटवाघूळ सगळे निशाचर. काही लोकांना हे खटकतं, राक्षसाचं नाव बिचाऱ्या पिंगळ्याला कशाला. मला उलट आनंद होतो, शब्द आपल्या मूळ जागी परत गेला, संस्कृतातही घुबड निशाचर होतंच की.

तर तुझ्या टोळीला निशाचर हे नाव ठेव, बिनधास्त ठेव, फक्त ते मेलेले नसावेत. टोळीत एकसारखेपणा नको असेल तर क्रव्याद, यातुधान, नक्तंचर ही पोटनावं म्हणून वापर, आणि गावाच्या बाजूने राखणदार उभा कर. दोघांच्या संवादात ‘रक्षाम’ची कथा आणता आली तर बघ, आम्हीही राखणारेच होतो असं निशाचराने राखणदाराला म्हणणं स्टेजवर जबरदस्त होईल. बाईपात्राला ‘निशाचरी’च म्हण, ‘निशाचरा’ नको, मघाचच्या ‘चरेष्टः’ सूत्रातल्या त्या ‘ट’मुळे शेवटी ‘ई’च येते. आणि तुझ्या संहितेत दोन ठिकाणी ‘निशाकर’ टाइप झालंय ते आधी सुधार, निशाकर म्हणजे चंद्र.